सामायिक फोल्डरची यादी मॅक, विंडोज आणि लिनक्सवर वेगवेगळी दिसते : टिल्डची नावे, रिकाम्या चौकटी आणि एकाच नावाची दोन फोल्डर

फेरफार_नोंद (प्रश्न)

आमच्या कार्यालयात जमिनीच्या दाव्यांची कामे चालतात. स्कॅन केलेले सर्व कागद डेबियन लिनक्सच्या एका सर्व्हरवर, ईएक्सटी४ या फाइलप्रणालीच्या विभाजनावर ठेवलेले आहेत आणि सांबा या फाइली वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत ते सर्वांना मिळतात. स्कॅनिंग मॅकवर होते, वकील मंडळी विंडोज वापरतात आणि माझ्या मेजावर लिनक्स आहे. एकाच फोल्डरची यादी या तिन्ही ठिकाणी वेगळी दिसते आणि त्यामागचे कारण मला उलगडलेले नाही.

विंडोजवर काही सातबारा उताऱ्यांच्या जागी अंडरस्कोरने सुरू होणारी, पुढे रोमन अक्षरे व आकडे आणि शेवटाकडे टिल्ड (~) असलेली आखूड नावे दिसतात. फाइल उघडली की आत उतारा बरोबर असतो. त्याच फोल्डरमधील दुसऱ्या काही उताऱ्यांची नावे मात्र मराठीतच दिसतात, फक्त ‘७’ आणि ‘१२’ यांच्यामध्ये एक रिकामी चौकट येते. मॅकवरून हेच फोल्डर उघडले तर चौकटीवाल्या फाइली ‘गट २१४ ७/१२’ अशा व्यवस्थित नावाने दिसतात, पण टिल्डवाल्या तिथेही टिल्डवाल्याच राहतात. सर्व्हरच्या टर्मिनलवर पाहावे तर प्रकार उलटा आहे : ज्या फाइली सगळ्यांना टिल्डने दिसतात त्या तिथे ‘गट २१४ ७:१२’ अशा वाचता येतात आणि ज्या मॅकवर व्यवस्थित दिसतात त्यांच्या नावात काही तरी अनोळखी चिन्ह असते.

दुसरी अडचण फोल्डरांची आहे. एका पक्षकाराच्या फाइलीत ‘दुसऱ्या अपिलाची कागदपत्रे’ हे फोल्डर विंडोजवर दोनदा दिसते, नावात तसूभरही फरक नाही, आतील कागद मात्र वेगळे आहेत. आणखी एका पक्षकाराकडे याच नावाचे एकच फोल्डर आहे, ते विंडोजवर नीट उघडते, पण मॅकवर यादीत दिसूनही त्यावर क्लिक करताच ते सापडत नसल्याचा संदेश येतो. शिवाय ‘नोटिसा, पावत्या इ.’ या फोल्डरलाही विंडोजवर टिल्डचे नाव मिळाले आहे.

डिस्कची तपासणी केली, तीत एकही दोष निघाला नाही. सर्व्हरचे लोकेल आणि सांबाचा अक्षरसंच दोन्ही यूटीएफ-८ (युनिकोडची चिन्हे बाइटांत लिहिण्याची पद्धत) आहेत. सांबाच्या संरचनेत ‘मँगल्ड नेम्स’ हा, विंडोजला न चालणाऱ्या नावांना पर्यायी आखूड नावे देणारा पर्याय बंद करावा असा सल्ला एका परिचितांनी दिला आहे. तो अमलात आणण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत हवे आहे.


काळा_पडदा

तो पर्याय तूर्त बंद करू नका. सांबाच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की तो बंद असल्यास विंडोजच्या नियमांत न बसणारी नावे यादीत घेतलीच जात नाहीत. आज निदान टिल्डच्या नावाने का होईना, उतारा उघडतो आहे. पर्याय बंद केल्यावर तो गहाळ झाला असे वकील मंडळी समजतील.

आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून डिस्क आणि सांबा दोन्ही शाबूत आहेत. सामायिक फोल्डरची यादी तीन हातांतून जाते : डिस्कवर नाव म्हणजे केवळ बाइटांची रांग असते, सांबा तिचे एसएमबी या फाइल-वाटपाच्या प्रोटोकॉलच्या नियमांप्रमाणे रूपांतर करते आणि पुढे मॅक, विंडोज किंवा लिनक्स आपापल्या परीने ते पुन्हा बदलून दाखवते. ईएक्सटी४ला फक्त तिरपी रेघ आणि शून्य बाइट चालत नाही, बाकी काहीही चालते. विंडोजला मात्र \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हे चालत नाहीत आणि नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही चालत नाही. मॅकचा प्रकार आणखी निराळा आहे. जुन्या मॅकमध्ये फोल्डरांचा मार्ग लिहिताना विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह, म्हणजे कोलन, वापरत असत, त्यामुळे फाइंडर आजही नावात कोलन लिहू देत नाही पण तिरपी रेघ लिहू देतो. मॅकओएसचा पाया युनिक्सचा असल्याने आतल्या आत या दोन चिन्हांची अदलाबदल होते. स्कॅनिंग करणाऱ्याने फाइंडरमध्ये ‘७/१२’ असे लिहिले की मॅकच्या डिस्कवर युनिक्सच्या थरात ते ‘७:१२’ असते.

आता ही फाइल सर्व्हरवर कोणत्या वाटेने आली यावर पुढचे सगळे ठरते. ती मॅकवरून सामायिक फोल्डर उघडून त्यात टाकली असेल, तर मॅकचा एसएमबी क्लायंट (सर्व्हरशी बोलणारा भाग) कोलनच्या जागी युनिकोडच्या खासगी विभागातील, म्हणजे ठरलेला अर्थ नसलेल्या चिन्हांपैकी, यू+एफ०२२ हे चिन्ह पाठवतो. मायक्रोसॉफ्टच्या मॅकिंटॉशसाठीच्या जुन्या सेवांमध्ये ही पर्यायी चिन्हे ठरली आणि त्यातच शेवटच्या टिंबासाठी यू+एफ०२९ आहे. सांबा ते चिन्ह तसेच साठवते. मॅक ते परत वाचताना पुन्हा तिरपी रेघ दाखवतो, विंडोजकडे त्या चिन्हाची आकृती नसल्याने चौकट दिसते. आपल्या लिनक्सवरून हाच शेअर माउंट केला तर तिथे बहुधा कोलन दिसत असेल, कारण कर्नलमधील सीआयएफएस हा एसएमबी हाताळणारा विभाग हेच रूपांतर आपणहून करतो. म्हणून या प्रकरणात कोणत्याही क्लायंटवरील यादी पुरावा म्हणून धरू नये.

उलट ती फाइल आरसिंक किंवा एससीपी या फाइली नकलणाऱ्या साधनांनी थेट आली असेल, तर सांबा मध्ये येतच नाही आणि खरा कोलन डिस्कवर उतरतो. अशी फाइल पुढे एसएमबीवरून मागितली की ते नाव देता येत नाही, म्हणून सांबा मूळ नावावरून गणित करून आठ अक्षरांचे पर्यायी नाव बनवते, ज्यात सातव्या स्थानी टिल्ड असतो. पहिले अक्षर मूळ नावाचे घेण्याची पद्धत आहे, पण ते साध्या रोमन संचाबाहेरचे असल्यास तिथे अंडरस्कोर येतो. त्यामुळे मराठी नावांच्या फोल्डरमध्ये ही सगळी पर्यायी नावे एकाच छापाची दिसतात. ‘इ.’ने संपणाऱ्या फोल्डरचेही तेच झाले आहे. ‘क्र.’, ‘वि.’, ‘इ.’ अशी संक्षेपाची टिंबे आपल्याकडे नावाच्या शेवटी सहज येतात, हे या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे.

एक इशारा द्यायला हवा. टिल्डचे नाव डिस्कवर नसते, ते फक्त यादी देताना तयार होते. परंतु कोणी विंडोजवरून ते फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले, तर त्या प्रतीत टिल्डचे नाव हेच खरे नाव बनते आणि मूळ नावाचा मागमूस राहत नाही. अशा प्रती न्यायालयाच्या कामासाठी बाहेर गेल्या आहेत का, हे पाहून घ्यावे.

सर्व्हरवरच बसून एलएस या फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेची निष्पत्ती एक्सएक्सडी या बाइट षोडशमान आकड्यांत दाखवणाऱ्या आज्ञेला द्यावी आणि बाइट वाचावेत. ‘७’ आणि ‘१२’ यांच्यामध्ये ३ए दिसले तर खरा कोलन आहे, ईएफ ८० ए२ दिसले तर खासगी विभागातील चिन्ह आहे. दोन सारख्या दिसणाऱ्या फोल्डरांचेही बाइट याच रीतीने काढून येथे द्यावेत.


गल्लीतला_संगणक

इतका खटाटोप करण्यापेक्षा सर्व नावे रोमन लिपीत ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. देवनागरी नावांचा त्रास आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत आणि शेवटी रोमन नावांवरच आलो आहोत.


मुळाक्षर

वरील मताशी मी सहमत नाही. कोलनची आणि शेवटच्या टिंबाची अडचण रोमन नावातही जशीच्या तशी आली असती. देवनागरीचा संबंध येथे फक्त दुसऱ्या अपिलाच्या फोल्डरांशी आहे आणि तोही एका विशिष्ट अक्षरापुरता.

‘दुसऱ्या’मधील ऱ युनिकोडमध्ये दोन समतुल्य रीतींनी लिहिता येतो. यू+०९३१ हे एकसंध अक्षर आहे, आणि यू+०९३० हा साधा र अधिक यू+०९३सी हा नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशी जोडीही तेच अक्षर मानली जाते. एकसंध रूपाला एनएफसी आणि विघटित रूपाला एनएफडी म्हणतात. देवनागरीत हा दुहेरी प्रकार फार थोड्या अक्षरांबाबत आहे : ऩ, ऱ आणि ऴ. क़, ख़, ज़ यांसारखी हिंदी-उर्दूची नुक्तेवाली अक्षरे दोन्ही रूपांत विघटितच राहतात, म्हणून हिंदी कार्यालयांत हा घोळ सहसा दिसत नाही. मराठीत मात्र ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचे’, ‘उताऱ्यांच्या’, ‘अधिकाऱ्यांकडे’ हे शब्द रोजचे आहेत आणि जमिनीच्या दप्तरात तर ते पानोपानी येतात.

मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली प्रत्येक नाव विघटित करूनच साठवत असे. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस तसे करत नाही, ती नाव दिले त्या रूपात ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. परंतु जुन्या डिस्कवरून स्थलांतरित झालेली नावे तिथेही विघटितच राहिलेली असतात. ईएक्सटी४ आणि विंडोजची एनटीएफएस यांना या समतुल्यतेशी काही देणेघेणे नाही. बाइट वेगळे तर नाव वेगळे, एवढाच त्यांचा हिशेब असतो. त्यामुळे एकदा मॅकवरून आरसिंकने आलेले आणि एकदा विंडोजवरून तयार केलेले फोल्डर शेजारी शेजारी सुखाने नांदतात. डोळ्यांना फरक कळेलच असे नाही. काही ठिकाणी र खाली टिंब वेगळे उमटते, पुष्कळ ठिकाणी तेही नाही.

मॅकवर क्लिक करताच फोल्डर नाहीसे होते त्याचेही कारण हेच आहे. मॅकचा एसएमबी क्लायंट सर्व्हरकडे नाव पाठवताना ते एकसंध रूपात पाठवतो. यादी मागितली तेव्हा सर्व्हरने विघटित नाव दिले आणि ते पडद्यावर आले, परंतु उघडण्यासाठी मॅकने त्याचे एकसंध रूप पाठवले आणि त्या बाइटांचे फोल्डर सर्व्हरवर नव्हतेच. विंडोज जे मिळाले तेच परत पाठवते, म्हणून तिथे फोल्डर उघडते.

बाइटांत ‘स’नंतर ई० ए४ बी१ असेल तर एकसंध रूप आहे. ई० ए४ बी० आणि त्याला लागून ई० ए४ बीसी असेल तर विघटित आहे.


फेरफार_नोंद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तपासणीचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे आहेत.

टिल्डच्या सर्व फाइलींत ३ए आहे आणि चौकटीच्या सर्व फाइलींत ईएफ ८० ए२ आहे. चौकशी केली असता असे कळले की स्कॅनिंग विभाग दिवसा काही कागद थेट सामायिक फोल्डरमध्ये टाकतो आणि उरलेले मॅकच्या डिस्कवर ठेवतो, जे रात्री आरसिंकने सर्व्हरवर येतात. दोन वाटांची गोष्ट त्यामुळे तंतोतंत जुळते. दुहेरी फोल्डरांपैकी एकात ई० ए४ बी१ आणि दुसऱ्यात ई० ए४ बी० ई० ए४ बीसी आहे. मॅकवर न उघडणारे फोल्डर विघटित रूपातीलच निघाले.

मात्र एक फोल्डर या दोन्हींत बसत नाही. ‘शेतकऱ्यांचे अर्ज’ हेही विंडोजवर दुहेरी दिसते. त्यातील एकात एकसंध ऱ आहे, पण दुसऱ्यात नुक्ता नाही. तिथे ई० ए४ बी०, मग ई० ए५ ८डी आणि मग ई२ ८० ८डी असे बाइट आहेत. याचा अर्थ काय, आणि आता दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?


मुळाक्षर

ई० ए५ ८डी हे हलन्ताचे चिन्ह आहे आणि ई२ ८० ८डी म्हणजे यू+२००डी, शून्य रुंदीचा सांधक. ऱ्य लिहिण्याची ही तिसरी रीत आहे : साधा र, हलन्त, सांधक आणि य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र दाबला की ऱ मिळतो, पण उच्चारानुसार टंकन करणारी काही साधने आणि जुन्या फाँटमधून मजकूर युनिकोडमध्ये आणणारे काही रूपांतरक हा सांधकाचा मार्ग घेतात. ही रीत पहिल्या दोघींशी युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य नाही, त्यामुळे एनएफसी करणारे कोणतेही साधन तिला हात लावणार नाही. ती वेगळीच बदलावी लागेल.

ती बदलताना सांधक सरसकट काढून टाकू नये. ‘दऱ्या’ या रीतीने लिहिले असेल आणि सांधक काढला तर ‘दर्या’ उरतो. त्यामुळे र, हलन्त, सांधक ही तीन चिन्हे क्रमाने सापडली तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवावेत, आणि इतरत्र असलेल्या सांधकांना स्पर्श करू नये.

एचएफएस प्लसबद्दल येथे जाता जाता सांगायला हवे. तिची नेहमीची, लहान-मोठी लिपी न पाहणारी आवृत्ती नावांची तुलना करताना हा सांधक विचारातच घेत नाही. म्हणजे तिच्या लेखी सांधकाने लिहिलेला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही एकच नावे आहेत, आणि दोन्ही एका फोल्डरमध्ये राहू शकत नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये गिट या प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात जो सुरक्षादोष उघडकीस आला, त्याच्या मुळाशी हेच वर्तन होते : गिटच्या गुप्त फोल्डरच्या नावात अदृश्य चिन्ह घालून तपासणी चुकवता येत असे. आपल्या जुन्या मॅकच्या डिस्कवर अशी एखादी फाइल दुसरीवर लिहिली गेली नाही ना, हे पाहण्यास हरकत नाही.


काळा_पडदा

दुरुस्तीचा क्रम सांगतो. प्रथम रात्रीचे आरसिंक थांबवावे, अन्यथा सुधारलेल्या नावांशेजारी जुनी नावे रोज पुन्हा उगवतील. मग संपूर्ण विभाजनाची प्रत घ्यावी. तिसऱ्या पायरीला कन्व्हएमव्ही हे साधन वापरावे. मूळ आणि लक्ष्य दोन्ही यूटीएफ-८ सांगून एनएफसीचा पर्याय आणि उपफोल्डरांचा पर्याय द्यावा. हे साधन आपणहून काहीच बदलत नाही, काय बदलेल ते फक्त दाखवते. ती यादी वाचून झाल्यावरच ‘नोटेस्ट’ हा पर्याय जोडून ते पुन्हा चालवावे. ज्या ठिकाणी एकसंध रूपाचे फोल्डर आधीपासून आहे तिथे ते नाव बदलण्यास नकार देईल, आणि तसेच व्हायला हवे. अशी दुहेरी फोल्डर हातानेच एकत्र करावी लागतील, कारण दोन्हींत एकाच नावाचा वेगवेगळा कागद असू शकतो आणि कोणता ठेवायचा हे यंत्राने ठरवू नये. सांधकाची नावे त्यानंतर घ्यावीत.

कोलनसाठी दोन मार्ग आहेत. सांबात ‘कॅटिआ’, ‘फ्रूट’ आणि ‘स्ट्रीम्स एक्सअ‍ॅटर’ ही उपांगे याच क्रमाने लावून ‘फ्रूट एन्कोडिंग’चे मूल्य ‘नेटिव्ह’ केले, तर डिस्कवर खरा कोलन राहतो आणि सर्व क्लायंटना त्याच्या जागी खासगी विभागातील चिन्ह मिळते. टिल्ड जाऊन सगळीकडे चौकट येईल, एवढाच लाभ विंडोजवाल्यांना होईल. त्यातही एक खोच आहे. आपल्या डिस्कवर आज दोन्ही प्रकारची नावे आहेत आणि हे मूल्य बदलताच ज्यांत ईएफ ८० ए२ साठवलेले आहे त्या फाइली उघडेनाशा होतील, कारण मागणी आली की सांबा त्या चिन्हाचा कोलन करून शोधू लागेल. म्हणजे आधी ती नावे बदलून घ्यावीच लागतात. शेवटच्या टिंबाला तर या मार्गाचा उपयोगच नाही, कारण ही अदलाबदल चिन्हानुसार होते, स्थानानुसार नाही.

माझा कल म्हणून दुसऱ्या मार्गाकडे आहे : दोन्ही प्रकारच्या नावांत ‘७/१२’च्या जागी ‘सातबारा’ लिहावे आणि शेवटची टिंबे काढावीत. उतारा मुळात गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा असतो, तिरपी रेघ त्यांना फक्त जोडते. दिसायला तिरप्या रेघेसारखे पण वेगळे असलेले एखादे युनिकोड चिन्ह घालण्याचा मोह काही जणांना होतो. तसे करू नये, कारण पुढे शोधणाऱ्याला ते चिन्ह कळफलकावर सापडत नाही आणि फाइल असूनही मिळत नाही.

नावे बदलल्यावर विंडोजवर जुनीच यादी दिसली तर घाबरू नये. विंडोजचा एसएमबी क्लायंट फोल्डरची यादी मूळ संरचनेत १० सेकंद स्मरणात ठेवतो.


फेरफार_नोंद

‘सातबारा’ लिहिण्याचे सर्वांनी मान्य केले आहे आणि एनएफसीची पूर्वतपासणी समाधानकारक झाली आहे. दोन शंका उरल्या. रात्रीचे आरसिंक पुन्हा सुरू करताना विघटित नावे परत येऊ नयेत म्हणून काय करावे? तसेच विंडोजवरून काही लांब नावांच्या फाइली सर्व्हरवर उतरतच नाहीत, नाव फार लांब असल्याचे सांगितले जाते, जेव्हा की विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर त्या व्यवस्थित आहेत. हा याच घोळाचा भाग आहे का?


मुळाक्षर

लांब नावांचे कारण वेगळे आहे, परंतु तेही बाइटांतच आहे. एनटीएफएस नावाची लांबी यूटीएफ-१६ या युनिकोड लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या एककांत मोजते आणि २५५ एककांना परवानगी देते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे एक एकक असते. ईएक्सटी४ची मर्यादाही २५५च आहे, पण ती बाइटांची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. त्यामुळे सर्व्हरवर एका नावात जेमतेम ८५ चिन्हे बसतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘शेतकऱ्यांचे’ या एका शब्दाला एकसंध ऱ धरूनही ३३ बाइट लागतात. वादी-प्रतिवादींची संपूर्ण नावे फाइलीच्या नावात घालण्याची सवय असेल तर ही मर्यादा लगेच गाठली जाते. फोल्डर ईक्रिप्टएफएसने कूटबद्ध केलेले असेल तर मर्यादा १४३ बाइटांवर, म्हणजे देवनागरीच्या ४७ चिन्हांवर येते.


काळा_पडदा

आरसिंकच्या ३.०.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, त्यात ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय आहे. मॅकवरून चालवताना त्याला आधी ‘यूटीएफ-८-मॅक’ आणि स्वल्पविरामानंतर ‘यूटीएफ-८’ असे मूल्य द्यावे. पहिले नाव जिथून आज्ञा दिली जाते त्या बाजूचे असते आणि दुसरे समोरच्या बाजूचे. मॅकसोबत अनेक वर्षे येणारी आवृत्ती २.६.९ होती आणि तिला हा पर्याय ठाऊक नाही, तेव्हा आधी आवृत्ती पाहावी आणि गरज असल्यास नवी बसवावी. पहिल्या रात्री एकच फोल्डर पाठवून ‘दुसऱ्या’चे बाइट पुन्हा तपासावेत आणि मगच उरलेले सोडावेत. मॅकच्या डिस्कवरील नावांतही ‘७/१२’च्या जागी ‘सातबारा’ करून घ्यावे, कारण हा पर्याय कोलनला हात लावत नाही.